अंबेचे पाणी आणि कयाक : पातळी कोण ठरवते?

मार्चच्या अखेरीस, वरच्या खोऱ्यात कित्येक महिने पावसाचा थेंब पडलेला नसताना, रायगड जिल्ह्यातील नागोठण्याच्या खालच्या अंगाला अंबा नदीच्या पात्रात सकाळी चिखलाचे पट्टे उघडे पडलेले दिसतात आणि त्याच दिवशी दुपारी ते पट्टे पाण्याखाली गेलेले असतात. रस्त्याने सुमारे २५ किलोमीटरवर, कोलाडजवळ, कुंडलिका नदीचे पाणीही त्याच दिवशी सकाळी चढते आणि पुढे काही तासांनी उतरते. मात्र तेथे समुद्राची भरती पोहोचत नाही. जुलैमध्ये या दोन्ही नद्या चढतात त्या तिसऱ्याच कारणाने. पाणी चढले एवढी एकच गोष्ट डोळ्यांना दिसते, परंतु ते कोणी चढवले यावर ते किती काळ टिकेल, कोणत्या दिशेने ओढेल आणि उतरताना काय उघडे पाडेल हे ठरते. कयाक म्हणजे एक किंवा दोन माणसांना बसता येईल अशी अरुंद, हलकी आणि दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची नाव. तिच्यात बसणाऱ्याला पाण्याच्या खोलीपेक्षा पातळीच्या कारणाशी अधिक कर्तव्य असते.

तरंगण्यापुरते पाणी आणि उतरण्यापुरती जमीन

कोणतीही नाव आपल्या आणि आतल्या माणसाच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते व तेवढीच पाण्यात बुडते. नाव आणि माणूस मिळून १०० किलो असतील, तर १०० लिटर गोडे पाणी बाजूला सारावे लागते. तीन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद कयाकीचा तळ त्यासाठी पाण्याखाली दहा-पंधरा सेंटिमीटरच जातो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून सुमारे अडीच टक्के जड असल्याने खाडीत ती किंचित अधिक वर तरंगते, पण हा फरक वल्हेकऱ्याच्या लक्षात येण्याइतका नाही. गुडघाभर पाण्यातही कयाक सुखाने चालते, आणि मचवा किंवा होडी जेथे गाळात रुतेल तेथे ती सहज शिरते.

या सोयीमुळेच फसगत होते. नाव पंधरा सेंटिमीटर पाण्यावर तरंगते, परंतु पाणी ओसरल्यावर तिच्यातून उतरणाऱ्या माणसाच्या पायाखाली खाडीचा चिखल असतो आणि तो माणसाचे वजन पेलत नाही. नदीने आणलेले मातीचे अतिसूक्ष्म कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि पाणी स्थिर झाले की ते तळाशी बसतात. त्या थरात पाण्याचे प्रमाण इतके असते की वरून घट्ट दिसणारी जमीन पाय ठेवताच खचते. म्हणून भरतीच्या पात्रात नाव घालण्याआधी परत किनाऱ्याला लागण्याची जागा ठरवावी लागते. दगडी घाट, धक्का किंवा रेतीचा काठ यांपैकी काहीतरी अपेक्षित वेळेच्या पाण्याला हाताशी असले पाहिजे.

समुद्र नदीत शिरतो तेव्हा

अंबा नदी सह्याद्रीत खोपोली-खंडाळ्याच्या दक्षिणेकडील डोंगररांगांत उगम पावते. फेब्रुवारी १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी मोगल सरदार कारतलबखानाची फौज कोंडली ती उंबरखिंड याच नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. तेथून जांभूळपाडा, पाली आणि नागोठणे अशी उतरत ती धरमतरच्या खाडीत रूपांतरित होते आणि मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. नागोठणे या प्रवासात नेमके सांध्यावर आहे, कारण डोंगरातून येणारे गोडे पाणी आणि खाडीतून चढणारे खारे पाणी यांची गाठ याच परिसरात पडते. मुंबईहून महाबळेश्वराकडे जाणारे प्रवासी एकोणिसाव्या शतकात बोटीने येथपर्यंत येत आणि पुढे जमिनीवरून जात, ते या भरतीच्याच बळावर. चौलचे काजी अल्लाउद्दीन यांनी १५८२ च्या सुमारास, निजामशाहीच्या काळात, बांधलेला दगडी पूलही येथेच आहे. नावेची वाट आणि जमिनीची वाट एकमेकींना भेटाव्यात अशीच ही जागा आहे.

चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या आकर्षणाने समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. अमावास्या व पौर्णिमेला चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, तेव्हा दोघांची ओढ एकत्र होऊन मोठी भरती व मोठी ओहोटी होते. कोकणात तिला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास दोघे काटकोनात असल्याने चढउतार लहान राहतो, तो भांग. मुंबई बंदरात उधाणाला सरासरीने ३.६ मीटर, तर भांगाला सुमारे १.४ मीटर चढउतार होतो. सर्वांत मोठे उधाण मात्र नेमके पौर्णिमेला न येता बहुधा एक-दोन दिवसांनी येते, कारण समुद्राचे पाणी आकाशातील बदलाला थोडे उशिरा प्रतिसाद देते.

उधाणाची भरती मुंबईला नेहमीच दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते. उधाणाच्या दिवशी चंद्र सूर्याच्या रेषेत असल्याने त्या दिवसाची भरती सूर्याच्या, म्हणजे घड्याळाच्या, वेळेला जखडलेली राहते. महिना कोणताही असो, हे गणित फारसे बदलत नाही. त्यामुळे उधाणाच्या दिवशी सकाळी सहा-सातला पात्र रिकामे असते आणि भांगाच्या दिवशी त्याच वेळी भरत आलेले असते. पहाटेच्या शांत वाऱ्यात वल्हवण्याची हौस असणाऱ्याने पौर्णिमा टाळून अष्टमी गाठावी, हा सल्ला वरकरणी उलटा वाटला तरी नागोठण्याच्या पात्रासाठी तोच बरोबर आहे.

चौकट : तिथीवरून भरतीची वेळ

*किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब असा : तिथीच्या अंकाला पाऊण (३/४) ने गुणावे, येईल तितके वाजता मुंबईच्या किनाऱ्याला दिवसा आणि रात्री भरती असते. पंचमीला ५ × ३/४ = ३.७५, म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा मोजावे. या हिशेबात अर्ध्या-पाऊण तासाची चूक संभवते, म्हणून तो अंदाजापुरता वापरावा आणि प्रत्यक्ष वेळ छापील भरती-कोष्टकातून घ्यावी. खाडीच्या आत, नागोठण्याच्या बाजूला, भरती मुंबईच्या वेळेनंतर पोहोचते.*

ती उशिरा का पोहोचते? भरती ही फार लांब लाट असते आणि अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. पाच मीटर खोल पाण्यात ती ताशी सुमारे २५ किलोमीटर जाते, दोन मीटर पाण्यात जेमतेम १६. म्हणजे पाच मीटर खोल खाडीत २५ किलोमीटर आत शिरायला तिला एक तास लागतो आणि उथळ खाडीत त्याहून अधिक. याच नियमाचा दुसरा परिणाम वल्हेकऱ्याला अधिक जाणवतो. भरतीचा माथा खोल पाण्यावरून धावतो म्हणून वेगाने पुढे येतो, तर ओहोटीचा तळ उथळ पाण्यावरून सरकतो म्हणून मागे रेंगाळतो. खाडीत जसजसे आत जावे तसतसे चढणे अल्पकाळात आणि जोराने घडते, उतरणे लांबत जाते. समुद्रकाठच्या सहा-सहा तासांच्या हिशेबावर विसंबून खाडीच्या टोकाशी परतीची वेळ ठरवणारा म्हणूनच चुकतो.

पातळी म्हणजे ओढ नव्हे

पाणी सर्वांत वर असते तेव्हा प्रवाह सर्वांत जोरात असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. भरतीच्या पाण्यात वस्तुस्थिती निराळी असते. पूर्ण भरतीच्या आणि पूर्ण ओहोटीच्या सुमारास पाणी काही काळ जवळपास थांबते आणि ओढ सर्वांत तीव्र होते ती मधल्या पातळीला. सहा तासांच्या चढउताराचे बारा समान हिस्से कल्पिले, तर पहिल्या तासात एक हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक हिस्सा पाणी सरकते. उधाणाच्या ३.६ मीटरला हे लावले तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी सुमारे ९० सेंटिमीटर पाणी चढते किंवा उतरते. खाडीच्या टोकाशी हे प्रमाण वर सांगितल्याप्रमाणे वाकडे होते, पण मधल्या तासांचा जोर तेथेही खराच असतो.

साधारण सरावाचा माणूस कयाक ताशी चार-पाच किलोमीटरने चालवतो. ओहोटीची ओढ ताशी तीन किलोमीटर असेल, तर ओढीबरोबर जाताना तो ताशी सात-आठ किलोमीटर कापतो आणि परतताना त्याच श्रमात ताशी एक-दोन. धरमतरच्या जेट्टीकडे माल घेऊन येणाऱ्या अवजड बार्जसुद्धा भरतीची वेळ साधूनच खाडीत चढतात; यंत्राच्या जहाजाला जे जमवून घ्यावे लागते ते हाताच्या बळावर मोडायला जाऊ नये. (या बार्जना चटकन वळता किंवा थांबता येत नाही, म्हणून धरमतरच्या बाजूला मुख्य पात्रात कयाक नेणे हा अविचार ठरतो.) नागोठण्याहून निघणाऱ्यासाठी योग्य क्रम म्हणजे ओहोटीच्या शेवटच्या भागात खाली जावे आणि नव्या भरतीबरोबर वर यावे, उलट क्रमात परतीची वाट ओढीच्या विरुद्ध आणि उघड्या पडत जाणाऱ्या चिखलातून जाते.

पात्रात ओढ सगळीकडे सारखीही नसते. वळणाच्या बाहेरच्या बाजूला ती तीव्र, आतल्या बाजूला मंद असते. तिवरांच्या कडेला मुळे आणि खुंट पाण्याला अडवतात म्हणून तेथे ती कमी होते. पुलाच्या खांबांमुळे पात्र अरुंद होते आणि तेवढेच पाणी कमी जागेतून जायचे असल्याने गाळ्यांमध्ये वेग वाढतो. खांबाच्या वरच्या अंगाला पाण्याचा फुगवटा आणि खालच्या अंगाला उलटा फिरणारा भोवरा दिसला, तर ओढ नावेला खांबावर आडवी दाबण्याइतकी आहे असे समजावे. जुन्या कमानींच्या पुलाखाली आणखी एक गोष्ट पाहावी लागते : पाणी जितके चढते तितकी डोक्यावरची जागा कमी होते. तिवरांत किंवा पडलेल्या झाडात शिरणाऱ्या प्रवाहापासून दूर राहणे तर अत्यावश्यक आहे, कारण फांद्यांतून पाणी निघून जाते आणि नाव व माणूस मागे अडकतात.

वीजकेंद्राने चढणारी नदी

कुंडलिकेची गोष्ट वेगळी आहे. मुळशीचे पाणी स्वाभाविकपणे पूर्वेकडे, मुळा आणि भीमेमार्गे कृष्णेत जाते. टाटांच्या जलविद्युत योजनेने ते धरणात अडवून बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी सुमारे पाचशे मीटर खाली आणले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. त्या धरणाखाली गेलेल्या जमिनींसाठी १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे नेते होते. कोलाडला आज जो जलक्रीडेचा व्यवसाय चालतो त्याचे पाणी या इतिहासातून आलेले आहे, याची आठवण तेथे क्वचितच कोणी ठेवतो. जनित्रे फिरवून झालेले पाणी कुंडलिकेत सोडले जाते. त्यामुळे अंबेचा वरचा भाग उन्हाळ्यात डबक्यांपुरता उरतो तेव्हाही शेजारची कुंडलिका वाहती राहते. साजे गावाजवळून सुरू होणारे राफ्टिंग आणि कयाकिंग सकाळच्या विसर्गाच्या वेळेला बांधलेले आहे ते म्हणूनच. या नदीचे कोष्टक चंद्राकडे नसून विजेच्या मागणीकडे आहे.

येथे पाणी चढले की ओढही चढते, आणि तिचा रेटा पातळीपेक्षा अधिक प्रमाणात वाढतो. रुंद पात्रात खोली दुप्पट झाली, तर तळाच्या घर्षणाचा वाटा कमी झाल्याने वेग सुमारे दीडपट होतो. खोली आणि वेग दोन्ही वाढल्याने दर सेकंदाला वाहणारे पाणी तिपटीहून अधिक होते. प्रवाहाचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने अडकलेल्या नावेवरचा दाब सुमारे अडीचपट होतो. काठावरच्या माणसाला ‘थोडेसेच वाढलेले’ दिसणारे पाणी वल्हेकऱ्यासाठी निराळीच नदी असते.

खडकाळ पात्रात हा बदल डोळ्यांना दिसतोही. पाणी कमी असता दगड उघडे असतात आणि त्यांच्यातून वाट काढावी लागते. मध्यम पाण्यात तेच दगड बुडून त्यांच्यामागे लाटा उभ्या राहतात, आणि जलक्रीडेला आलेल्यांना हवा असतो तो हाच टप्पा. पाणी आणखी वाढले की काही लाटा नाहीशा होऊन पृष्ठभाग सपाट दिसू लागतो आणि काही ठिकाणी मोठे घेर, म्हणजे उलटे फिरून वस्तूला मागे ओढणारे पाण्याचे पट्टे, तयार होतात. सपाट दिसणे हे सौम्यपणाचे लक्षण नव्हे. विसर्ग थांबल्यावर वरच्या भागातले पाणी आधी उतरते आणि खालच्या भागातले नंतर, म्हणून उशिरा निघालेला माणूस उतरत्या पाण्यात मागे पडत जाऊन अखेरीस दगडांवर टेकतो.

बंधाऱ्याची लबाडी

कोकणातल्या नद्यांवर पिण्यासाठी, शेतीसाठी व कारखान्यांसाठी गोडे पाणी अडवणारे बंधारे आहेत. अंबेवर नागोठण्याला असा बंधारा आहे आणि कुंडलिकेवर डोलवहाळला. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात खांबांमधील खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी साठवतात आणि पावसाळ्यापूर्वी ते काढून घेतात. वरून येणाऱ्या नावेला बंधारा बहुधा दिसत नाही; समोर फक्त पाण्याची सरळ रेघ दिसते.

बंधाऱ्यावरून पडणारे पाणी तळापर्यंत जाते, थोडे पुढे जाऊन वर उसळते आणि त्यातला काही भाग पृष्ठभागावरून पुन्हा बंधाऱ्याकडे परततो. या फिरत्या पट्ट्यात सापडलेली वस्तू पाण्याखाली जाते, वर येते, परत ओढली जाते. त्यात बुडबुड्यांनी भरलेले पाणी हलके असल्याने जीवरक्षक जाकीटसुद्धा नेहमीसारखे उचलत नाही. खालच्या अंगाची पातळी फार कमी असेल तर पाणी दगडावर आपटून पुढे निघून जाते, फार जास्त असेल तर बंधारा बुडून जातो. सर्वांत घातक घेर या दोहोंच्या मधल्या पातळीला तयार होतो. ज्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी भरती पोहोचते तेथे ही मधली पातळी दिवसातून अनेकदा येऊन जाऊ शकते. सकाळी निरुपद्रवी दिसलेला बंधारा दुपारी तसाच असेल असे धरून चालता येत नाही. बरगे काढताना उघडलेल्या फटींची ओढ तर पृष्ठभागावर दिसतही नाही. बंधारा येण्याआधी बऱ्याच अंतरावर काठाला लागून नाव खांद्यावर घेणे, हाच एक उपाय आहे.

पाऊस आणि उधाण

रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सह्याद्रीच्या माथ्याकडे त्याहून अधिक. अंबेचे खोरे लहान व तीव्र उताराचे असल्याने डोंगरात पडलेले पाणी काही तासांतच सपाटीवर येते. जुलै १९८९ मध्ये रात्रीच्या पुराने जांभूळपाडा उद्ध्वस्त केले, तेव्हा लोकांना हालायलाही अवसर मिळाला नव्हता. नागोठण्याला या पाण्याच्या जोडीला खाडी असते. मोरीची नळी भरलेल्या बादलीत बुडवली तर मोरीतले पाणी जसे तुंबते, तसे उधाणाच्या वेळी नदीच्या मुखाशी समुद्र उंच उभा राहिला की वरून आलेला पूर उतरायला जागा न मिळाल्याने मागे फुगत जातो. तोच पाऊस भांगाला पडला तर तुलनेने लवकर निचरतो. कोळीवाडा आणि एस.टी. स्थानकाच्या परिसरात पाणी शिरण्याचे प्रसंग म्हणूनच पावसाइतकेच तिथीशीही निगडित असतात. खारेपाटातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) बांधांच्या उघाड्या, म्हणजे ओहोटीला उघडणारी आणि भरतीला मिटणारी दारे, याच गणितावर चालतात. बाहेरचे पाणी आतल्यापेक्षा उंच राहिले की ती उघडतच नाहीत.

पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या पत्रकात अंबेची इशारा पातळी ८ मीटर आणि धोका पातळी ९ मीटर अशी असते, तर कुंडलिकेची डोलवहाळ येथे अनुक्रमे २३ आणि २३.९५ मीटर. यावरून कुंडलिका जवळपास पावणेतीनपट खोल आहे असा अर्थ निघत नाही, कारण प्रत्येक मोजपट्टीचा शून्य वेगळ्या उंचीवर धरलेला असतो. दोन नद्यांचे आकडे एकमेकांशी ताडण्यात अर्थ नाही. एकाच नदीचा आकडा तासाभरात किती सरकला हे पाहण्यात आहे.

हे आकडे वस्तीच्या सुरक्षिततेसाठी ठरवलेले आहेत, नावेच्या नव्हे. अंबेपुढे ७ मीटर लिहिलेले दिसले म्हणून इशाऱ्याला अजून एक मीटर बाकी आहे असा हिशेब कोणीही करू नये. त्या पातळीच्या पुष्कळ आधीच नदी गढूळ, ओंडके वाहून आणणारी आणि कयाकीच्या आवाक्याबाहेरची झालेली असते. जून ते सप्टेंबर या काळात नागोठण्याच्या अंबेत कयाक घालू नये.